डबीतले सोयाबीन आणि ताटातले सोयाबीन

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातील निवृत्त शिक्षक असून माझे वय ५६ आहे. माझे वडील प्रोस्टेटच्या कर्करोगाने गेले. गेल्या दिवाळीनंतर माझ्या थोरल्या भावालाही (वय ६३) तोच आजार असल्याचे निदान झाले असून त्याला संप्रेरक कमी करणारी इंजेक्शने सुरू आहेत. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या मुलाच्या वाचनात आले की सोयाबीनमधील जेनिस्टीन नावाचे द्रव्य दिल्यावर उंदरांमध्ये हा कर्करोग कमी झाला. त्याने आयसोफ्लेव्होनच्या (जेनिस्टीन ज्या गटात मोडते त्या सोयाबीनमधील द्रव्यांच्या) गोळ्यांच्या दोन डब्या पाठवल्या आहेत, एक मला आणि एक भावाला. एका गोळीत ४० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन असल्याचे वर लिहिले आहे. आमच्या शेतात गेली पंचवीस वर्षे सोयाबीन होते, पण ते सगळे बाजारात जाते. घरात येते ते फक्त तेल. या गोळ्या घ्याव्यात का? भावाला द्याव्यात का? घरचेच सोयाबीन खाल्ले तर चालेल का? त्यात बायकांच्या संप्रेरकासारखे काही असते म्हणून पुरुषांनी ते खाऊ नये, असेही कोणी सांगते. आणि मोड आणून कच्चे खाल्ले तर जास्त गुण येतो, हे खरे का?
— एक वाचक

उत्तर :

नमस्कार गुरुजी,

तुमचे पत्र दोनदा वाचले. वडील गेले, आता भाऊ त्याच आजारात, आणि आपला नंबर कधी लागतो ही धास्ती तुम्ही कुठेही स्पष्ट लिहिलेली नसली तरी ती ओळीओळीत जाणवते. म्हणून जे तातडीचे आहे ते आधी सांगतो. भावाची डबी उघडू नका. त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांना ती दाखवल्याशिवाय त्यातली एकही गोळी त्यांना देऊ नका. तुमची डबीही बाजूला ठेवा. घरचे सोयाबीन नीट शिजवून खायला काहीच हरकत नाही, उलट ते खावे असेच मी म्हणेन. आणि तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेख नाही, तो मला सर्वांत जास्त खटकला : तुम्ही स्वतःची पीएसए तपासणी, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणाऱ्या एका प्रथिनाचे रक्तातील प्रमाण पाहणारी तपासणी, कधी केली आहे का? त्याविषयी पुढे लिहितोच.

आता कारणे. तुम्ही आयुष्यभर मुलांना ‘का’ विचारायला शिकवले असेल, तेव्हा नुसत्या ‘घेऊ नका’ने तुमचे समाधान होणार नाही, आणि तुमच्या मुलाने वाचले ते खोटेही नाही. उंदरांवरचे ते प्रयोग खरोखर झाले, ते चांगल्या प्रयोगशाळांत झाले आणि त्यांचे निष्कर्ष प्रतिष्ठित नियतकालिकांत छापून आले. प्रश्न आहे तो त्या निष्कर्षांतून तुमच्यासाठी आणि तुमच्या भावासाठी काय निघते, याचा.

पहिली अडचण अशी की उंदराला हा आजार सहसा होतच नाही. माणसाखेरीज ज्या प्राण्याला प्रोस्टेटचा कर्करोग आपोआप होतो असा घरातला प्राणी म्हणजे कुत्रा. उंदीर आणि घुशीसारखे मोठे उंदीर यांना तो क्वचितच होतो. त्यामुळे संशोधकांना तो घडवून आणावा लागतो. अमेरिकेत नॉर्मन ग्रीनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ‘ट्रॅम्प’ या नावाने ओळखला जाणारा उंदरांचा एक वाण तयार केला. एसव्ही-४० या विषाणूचे एक कर्करोगकारक जनुक त्यांनी अशा रीतीने उंदरात घातले की ते फक्त प्रोस्टेटमध्ये आणि उंदीर वयात आल्यावरच जागे व्हावे. हे उंदीर जन्मतःच कर्करोगाची तारीख घेऊन येतात : काही आठवड्यांत पेशी बिघडू लागतात आणि पुढे बहुतेक नरांना आक्रमक कर्करोग होतो. दुसरा वाण म्हणजे नोत्र दाम विद्यापीठातील मॉरिस पोलार्ड यांनी अभ्यासलेले लोबुंड-विस्टार उंदीर, ज्यांच्यात हा आजार आपोआपही होतो आणि रसायन व पुरुष संप्रेरक देऊन लवकरही आणता येतो. पोलार्ड यांनी १९९० च्या दशकातच आयसोफ्लेव्होनयुक्त सोया प्रथिन खाणाऱ्या उंदरांत हा कर्करोग कमी आणि उशिरा होतो, असे दाखवले होते.

तुमच्या मुलाने वाचले ते बहुधा अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम येथील कोरल लामार्टिनिअर यांच्या प्रयोगशाळेतील काम असावे. २००१ मध्ये या गटाने ट्रॅम्प उंदरांच्या दर किलो खाद्यात १००, २५० आणि ५०० मिलिग्रॅम जेनिस्टीन मिसळले आणि मात्रा जसजशी वाढत गेली तसतसे सर्वांत वाईट प्रकारच्या, म्हणजे पेशींचे मूळ रूप पार हरवलेल्या कर्करोगाचे प्रमाण घटत गेल्याचे दाखवले. मात्रेनुसार परिणाम बदलणे हा औषधशास्त्रात भक्कम पुरावा मानला जातो, आणि त्यामुळेच या निष्कर्षाने तेव्हा इतक्या जणांच्या आशा जाग्या केल्या.

या प्रयोगांतली एक बारीक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही, कारण तिच्यात पुढचे बरेच काही दडले आहे. तरुणपणी मी औषधशास्त्र विभागाच्या प्राणिगृहात काम केले आहे. रोज सकाळी पिंजऱ्यांतले उरलेले खाद्य वजनकाट्यावर मोजायचे, भुश्शात सांडलेले कण वेचून त्यात धरायचे, आणि वहीत नोंद करायची. उंदराने नेमके किती खाल्ले हे त्याशिवाय कळत नाही. त्या तपकिरी कांड्यांचे पोते उघडले की एक खमंग, किंचित तेलकट वास यायचा, आणि तो कशाचा हे मला पोत्यावरची घटकांची यादी वाचल्यावर कळले : सोयाबीनच्या पेंडीचा. म्हणजे ज्या उंदराला ‘सोया न मिळालेला’ म्हणून तुलनेला ठेवायचे, तोही जन्मापासून सोयाच खात असायचा. म्हणूनच जेनिस्टीनच्या प्रयोगांत नेहमीचे खाद्य चालत नाही. दुधातील केसीन, साखर, तेल आणि क्षार मोजून घेऊन सोयामुक्त खाद्य मुद्दाम बनवावे लागते आणि त्यात शुद्ध जेनिस्टीन घालावे लागते. प्रयोगासाठी हे योग्यच आहे. पण मग त्या प्रयोगाने उत्तर दिले ते ‘शुद्ध जेनिस्टीन, सोयाचा कणही नसलेल्या जेवणात, आयुष्यभर’ या प्रश्नाचे. सोयाबीन खाण्याबद्दल तो प्रयोग थेट काही सांगत नाही.

‘आयुष्यभर’ या शब्दावर थोडे थांबू या, कारण तुमच्या भावाचा प्रश्न इथेच आहे. त्याच अलाबामाच्या गटाने पुढे वेगवेगळ्या वयांत जेनिस्टीन देऊन पाहिले. ज्या उंदरांना ते आयुष्यभर मिळाले त्यांना सर्वाधिक लाभ झाला. ज्यांना ते फक्त बालपणी किंवा फक्त प्रौढपणी मिळाले त्यांना लाभ झाला, पण बराच कमी. आणि २००९ मध्ये वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातील लारा एल तौनी आणि पार्थ बॅनर्जी यांनी जे प्रसिद्ध केले ते या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. त्यांनीही ट्रॅम्प जातीचेच, पण थोड्या वेगळ्या वाणाचे उंदीर घेतले, आणि ते बारा आठवड्यांचे झाल्यावर, म्हणजे प्रोस्टेटमध्ये बिघाड सुरू झालेला असताना, दर किलो खाद्यात २५० मिलिग्रॅम जेनिस्टीन द्यायला सुरुवात केली. या उंदरांत कर्करोग घटला नाही. तो पुढे सरकला आणि ओटीपोटातील लसिकाग्रंथींमध्ये जास्त प्रमाणात पसरला. त्याच प्रयोगात मात्रा चौपट, म्हणजे १००० मिलिग्रॅम केल्यावर मात्र तसे झाले नाही. तेच द्रव्य आणि तीच २५० ची मात्रा. एका प्रयोगशाळेत तिने राखण केली आणि दुसरीत शत्रूला वाट दाखवली.

तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला हे वेगळे समजावून सांगायला नको. पेरणीआधी केलेली बीजप्रक्रिया आणि पिवळा मोझॅक शेतभर पसरल्यावर केलेली फवारणी यांचे फळ सारखे कसे असेल? तुमच्या भावाच्या शरीरात आजार आधीच आलेला आहे. त्याला होऊ नये म्हणून जे अभ्यासले गेले ते, झाल्यानंतर, त्याच आशेने देणे हे उंदरांच्या प्रयोगांनीच धोक्याचे ठरवले आहे.

असे दुहेरी वर्तन का होते, याचा अंदाज जेनिस्टीनच्या घडणीतून येतो. हे द्रव्य स्त्री-संप्रेरक इस्ट्रोजेनशी मिळतेजुळते असते आणि शरीरात इस्ट्रोजेनचे जे दोन मुख्य ग्राही (संप्रेरक जिथे चिकटून पेशीला निरोप देते त्या जागा) आहेत त्यांपैकी ‘बीटा’ म्हटल्या जाणाऱ्या ग्राहीला ते जास्त पसंतीने चिकटते. प्रोस्टेटमध्ये बीटा ग्राही भरपूर असतात आणि ते पेशींच्या वाढीला आवर घालतात, असे मानले जाते. शिवाय १९८७ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले की जेनिस्टीन हे पेशींना ‘वाढा’ असा निरोप देणाऱ्या टायरोसिन कायनेज या विकरांना (एन्झाइमना) रोखते. हा दुसरा गुण मोठ्या मात्रेतच ठळकपणे दिसतो. कमी मात्रेत वाढ रोखण्याची ताकद उरत नाही, पण संप्रेरकासारखे वागणे मात्र उरते, अशी यामागची एक समजूत आहे. त्याच्या उलट, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या २००८ मधील प्रयोगात उंदरांच्या प्रोस्टेटमध्ये माणसाच्या कर्करोगपेशी टोचून जेनिस्टीन खाऊ घातले, तेव्हा मूळ गाठीचा आकार बदलला नाही, पण फुप्फुसांत पसरलेल्या गाठी ९६ टक्क्यांनी कमी झाल्या. इतका जबरदस्त परिणाम वाचून कोणाचेही मन हलेल, माझेही हलले होते. परंतु जॉर्जटाउनचा निष्कर्ष शेजारी ठेवला की हात आखडतो.

आता मात्रेचा हिशेब तुमच्यासमोर करतो. उंदराचे वजन धरा २५ ग्रॅम. तो दिवसाला साडेतीन ग्रॅमच्या आसपास खाद्य खातो. दर किलो खाद्यात २५० मिलिग्रॅम जेनिस्टीन असेल तर त्याच्या पोटात रोज साधारण ०.९ मिलिग्रॅम जाते, म्हणजे वजनाच्या दर किलोमागे जवळजवळ ३५ मिलिग्रॅम. तुमचे वजन ६० किलो धरून सरळ त्रैराशिक मांडले तर रोजचे २१०० मिलिग्रॅम होतात. पण उंदराचा चयापचय आपल्यापेक्षा खूप वेगवान असतो, म्हणून औषधशास्त्रात उंदराच्या मात्रेला सुमारे १२ ने भागून माणसाची मात्रा काढतात. तसे केले तर रोजचे १७० मिलिग्रॅम शुद्ध जेनिस्टीन येते. तुमच्या डबीवरच्या ४० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होनमध्ये जेनिस्टीन साधारण निम्मे, म्हणजे २० मिलिग्रॅम. उंदराची बरोबरी करायला आठ-नऊ गोळ्या घ्याव्या लागतील, आणि तेवढे जेनिस्टीन अन्नातून हवे असेल तर रोज साधारण पाव किलो वाळलेले सोयाबीन खावे लागेल. कोणाचे पोट ते सोसेल? ‘मग कमी मात्रा तरी सुरू करू’ असा विचार मनात येणे साहजिक आहे, पण जॉर्जटाउनच्या प्रयोगात घात झाला तो कमी मात्रेनेच.

शिवाय हा हिशेबही उंदराला झुकते माप देणारा आहे. आपण जेनिस्टीन खाल्ले की आतडे आणि यकृत त्याला लगेच दुसऱ्या रेणूंशी बांधून निष्प्रभ करतात. माणसाच्या रक्तात मोकळे, काम करू शकणारे जेनिस्टीन एक टक्क्याहूनही कमी उरते. उंदरांच्या रक्तात त्याचे प्रमाण आपल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त असते, हे २०११ मध्ये केनेथ सेचेल यांच्या गटाने दाखवले. आणखी एक फरक आहे. सोयाबीनमधील डायडझीन या दुसऱ्या द्रव्यापासून आतड्यातले जिवाणू इक्वोल नावाचे अधिक प्रभावी द्रव्य बनवतात. उंदीर आणि घुशी हे काम जवळजवळ सगळेच करतात. माणसांत निम्मे किंवा त्याहून कमी लोकच ते करू शकतात.

मग माणसांचे काय? या साऱ्या विचाराला सुरुवात झाली ती जपानमुळे. तिथे प्रोस्टेटच्या कर्करोगाने होणारे मृत्यू पाश्चात्त्य देशांच्या मानाने फार कमी होते, आणि हवाई बेटांवर जाऊन स्थायिक झालेल्या जपानी पुरुषांत ते प्रमाण वाढले. हेल्सिंकीचे हर्मन अॅड्लरक्रॉइट्स यांनी १९९३ मध्ये जपानी पुरुषांच्या रक्तातील आयसोफ्लेव्होन फिनलंडच्या पुरुषांपेक्षा ७ ते ११० पट जास्त असल्याचे दाखवले, आणि टोफू व मिसो हे सोयाबीनचे पदार्थ खाणाऱ्यांचे रक्षण सोयाबीन करते, ही कल्पना रुजली. मला स्वतःला या युक्तिवादात पहिल्यापासून एक गोष्ट टोचत आली आहे. आपल्या देशातही या कर्करोगाचे प्रमाण अमेरिका-युरोपच्या मानाने खूप कमी आहे, आणि आपण तर सोयाबीन खाणारे लोक नव्हेच. मराठवाड्यात आणि विदर्भात ते रानोमाळ पिकते, पण जेवणात येत नाही. तेव्हा जपानी माणसाचे सगळे श्रेय टोफूला देणे घाईचे होते. आहार, वजन, शारीरिक श्रम, वंशपरंपरा आणि तपासण्या किती होतात हा फरक, असे बरेच काही त्यात गुंतलेले आहे.

तरीही निरीक्षणे अगदीच पोकळ नाहीत. २०१८ मध्ये तीस शोधनिबंध एकत्र करून केलेल्या विश्लेषणात सोयाचे पदार्थ जास्त खाणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटच्या कर्करोगाची जोखीम सुमारे २९ टक्क्यांनी कमी आढळली. जपानमध्ये ४५ ते ७४ वयाच्या ४३ हजारांहून अधिक पुरुषांच्या पाहणीत, २००७ मध्ये, आयसोफ्लेव्होन जास्त खाणाऱ्यांत ग्रंथीपुरता मर्यादित कर्करोग कमी दिसला. पण त्याच पाहणीत मिसो सूप जास्त पिणाऱ्यांत पुढच्या टप्प्यातील कर्करोग जास्त होता. बाहेर न पसरलेला कमी, पसरलेला जास्त : जॉर्जटाउनच्या उंदरांची आठवण करून देणारे हे चित्र मला अस्वस्थ करते. अर्थात मिसो खारट असतो, त्यात आणखी बरेच घटक असतात, आणि पाहणीतून कारण सिद्ध होत नाही.

कारण सिद्ध होते ते चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेल्या चाचण्यांत. कॅनडात ३०३ पुरुषांवर अशी चाचणी झाली. या सर्वांच्या प्रोस्टेटमध्ये कर्करोगाआधीचा बिघाड बायोप्सीत दिसला होता. निम्म्यांना तीन वर्षे रोज ४० ग्रॅम सोया प्रथिन, त्यासोबत ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम दिले; निम्म्यांना तसेच दिसणारे निष्क्रिय मिश्रण. २०११ मध्ये निकाल आला : कर्करोग होण्याच्या प्रमाणात फरक नाही. दुसरी चाचणी अमेरिकेत झाली आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रोस्टेट काढून टाकल्यानंतर आजार परतण्याची भीती जास्त असलेल्या पुरुषांना दोन वर्षे रोज २० ग्रॅम सोया प्रथिन दिले. आजार परतला तो सोया घेणाऱ्यांपैकी २७.२ टक्के जणांत आणि न घेणाऱ्यांपैकी २९.५ टक्के जणांत. हा फरक नगण्य असल्याने ती चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. या दुसऱ्या चाचणीकडे मी दोन्ही बाजूंनी पाहतो. सोयाने आजार रोखला नाही, हे खरे. पण आजार झालेल्या पुरुषांनी दोन वर्षे अन्नाइतक्या प्रमाणात सोया प्रथिन घेऊनही तो भडकला नाही, हेही तितकेच खरे. म्हणून भावाच्या ताटातल्या सोयाबीनच्या उसळीबद्दल मी निश्चिंत आहे, आणि त्यांच्या डबीबद्दल नाही.

डबीबद्दल इतकी धास्ती का, हे दोन घटनांवरून कळेल. ई जीवनसत्त्व प्रोस्टेटच्या कर्करोगापासून वाचवेल अशी चिन्हे एके काळी आजच्या सोयापेक्षा भक्कम वाटत होती. म्हणून २००१ पासून ३५ हजारांहून अधिक पुरुषांवर ‘सिलेक्ट’ नावाची चाचणी घेण्यात आली, आणि २०११ मध्ये कळले की ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांत हा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढला. सात्त्विक वाटणारी, कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळणारी गोळी! दुसरी घटना त्याहून वाईट. ‘पीसी-स्पेस’ नावाचे वनस्पतींचे मिश्रण अमेरिकेत प्रोस्टेटच्या रुग्णांमध्ये लोकप्रिय झाले होते, त्याने पीएसए उतरतही होता. २००२ मध्ये ते बाजारातून काढून घ्यावे लागले, कारण त्यात कृत्रिम इस्ट्रोजेन आणि रक्त पातळ करणारे वॉरफरिन यांची भेसळ सापडली. तुमच्या डब्यांत तसे काही आहे, असा माझा मुळीच आरोप नाही. पण तुमच्या भावाचा उपचारच संप्रेरकांवर चालतो आणि त्यांची प्रगती पीएसएच्या आकड्यावर मोजली जाते. अशा वेळी संप्रेरकासारखे वागणारी आणखी एक गोष्ट डॉक्टरांना न सांगता आत गेली, तर आकडा कशामुळे बदलला हे कोणालाच सांगता येणार नाही.

आता स्वयंपाकघरात येऊ. तुम्ही सोयाबीनचे तेल खाता म्हणून थोडेफार आयसोफ्लेव्होन मिळत असेल, असे तुम्हाला वाटत असल्यास ते मनातून काढून टाका. ही द्रव्ये तेलात उतरत नाहीत. दाणा गाळपाला गेला की ती पेंडीत राहतात. दाण्यात तेल असते १८ ते २० टक्के आणि प्रथिन ४० टक्क्यांच्या जवळपास. म्हणजे तुमच्या शेतातला सगळ्यांत मोलाचा भाग कोंबड्यांच्या खाद्यात जातो आणि घरी परत येते ते फक्त तेल. ज्या जिल्ह्याचा बाजारभाव सोयाबीनच्या आवकेवर हलतो, तिथल्या घरांत त्याची उसळ शिजत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सोयाबीनचे वाण विकसित केले, उतारा वाढवला. त्यातली पायलीभर रास तरी घरच्या कणगीत राहावी.

तेव्हा घरचे दाणे भाजून, गव्हाबरोबर दळून आणा. दहा किलो गव्हाला एक किलो सोयाबीन पुरे, त्याहून जास्त झाले की पोळी कडक होते आणि वास येतो. सोया वडी आमटीत घाला. आठवड्यातून तीन-चार दिवस असे काही खाल्ले, तर ते उत्तम प्रथिन आहे, एवढ्याच कारणासाठी ते खाण्यासारखे आहे. भावाला तर त्याची विशेष गरज आहे, कारण त्यांच्या इंजेक्शनांनी स्नायू झडतात आणि हाडे ठिसूळ होतात; प्रथिन, रोजचे चालणे, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांचा त्यांना जेनिस्टीनपेक्षा कितीतरी जास्त उपयोग होईल. घरात कोणाला थायरॉईडची गोळी असेल तर ती आणि सोयाचे पदार्थ यांत काही तासांचे अंतर ठेवा, कारण सोयामुळे ती गोळी नीट शोषली जात नाही. पुरुषांनी सोयाबीन खाऊ नये, हे तुम्हाला कोणी सांगितले ते मात्र सोडून द्या. अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावरही सोयाने पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन हे पुरुष संप्रेरक उतरत नाही, असेच आढळले आहे. इस्ट्रोजेनसारखे दिसणे आणि इस्ट्रोजेन असणे यांत फार अंतर आहे.

आणि आता तुमची तपासणी. सख्ख्या नात्यात एकाला हा आजार असला तर जोखीम साधारण दुप्पट होते. तुमचे वडील आणि भाऊ असे दोघे आहेत, म्हणजे ती त्याहून जास्त. अशा घरातल्या पुरुषाने पंचेचाळिशीच्या आसपास डॉक्टरांशी पीएसएबद्दल बोलावे, असे सांगितले जाते. तुम्ही ५६ चे आहात. हा रक्ताचा साधा नमुना आहे, तालुक्याच्या ठिकाणीही होतो, पण अहवाल मूत्रविकारतज्ज्ञांना दाखवून त्यांच्याकडूनच समजून घ्या, कारण पीएसए ग्रंथी नुसती वाढल्यानेही चढतो आणि लघवीच्या जंतुसंसर्गानेही चढतो. तुम्ही ग्रंथीवाढीसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड घेत असाल तर ते आवर्जून सांगा, कारण त्या गोळ्यांनी पीएसए निम्म्यावर येतो आणि खरा आकडा झाकला जातो. घरातल्या बायकांपैकी कोणाला स्तनाचा किंवा बीजाशयाचा कर्करोग झाला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. बीआरसीए-२ सारख्या जनुकातला दोष दोन्ही आजारांच्या मुळाशी असू शकतो, आणि त्याची तपासणी व समुपदेशन मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात होते. तसा दोष निघाला तर तुमच्या मुलाने कोणत्या वयापासून तपासणी करावी, हेही तेव्हाच ठरेल.

मुलावर रागावू नका. आजोबा गेले, काका आजारी पडले आणि आता वडिलांचे काय, या काळजीने त्याने ते वाचले आणि जे हाताशी होते ते पाठवले. त्याला एवढेच सांगा की डब्या परत करता आल्या तर कराव्यात, आणि ते पैसे भरून मूत्रविकारतज्ज्ञांची वेळ घ्यावी. तुमच्याबरोबर तो आला, तर डॉक्टर काय म्हणतात हे दोघांनाही नीट ऐकता येईल.

मोड आणून कच्चे खाण्याचा शेवटचा प्रश्न राहिला. ते करू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला अडवणारे द्रव्य असते. मोड आणल्याने ते काहीसे कमी होते, पण जात नाही, आणि मग पोट फुगते, जुलाब होतात, खाल्लेले प्रथिनही अंगी लागत नाही. दाणे रात्रभर भिजवा, सकाळी ते पाणी फेकून द्या, हवे तर मोड आणा, पण त्यानंतर कुकरमध्ये दाणा बोटांनी सहज चुरेपर्यंत शिजवा आणि मग लसूण-जिऱ्याची फोडणी द्या.

तुमचा पीएसएचा अहवाल आला की मला अवश्य कळवा.

आपला,
सदरलेखक